नाव शेवटी विचारा: प्राण्यांचं वर्गीकरण शिकायला सुरुवात कशी करावी

महाराष्ट्राचा राज्यप्राणी शेकरू, राज्यपक्षी हरियाल आणि २०१५ पासून राज्य फुलपाखरू ब्लू मॉरमॉन. ही यादी पाठ असलेल्या एखाद्या मुलाला विचारून पाहा, हरियाल हा प्राणी आहे का? बहुतेक वेळा उत्तर येतं, "नाही, तो पक्षी आहे." फुलपाखराचं नाव काढलंत तर, "तो तर किडा!" मुलांचं काही चुकत नाही. आपण घरीदारी बोलतोच तसं. पशुपक्षी, प्राणी-पक्षी-कीटक. घरात 'प्राणी' म्हटलं की चार पाय, अंगावर केस आणि शेपूट एवढंच डोळ्यांपुढे येतं. जीवशास्त्रात मात्र तिघेही प्राणी. गांडूळ, जळू, पोटातला जंत, समुद्रातला स्पंज आणि तुम्ही-मीसुद्धा.

वर्गीकरण शिकताना नवख्या माणसाचा गोंधळ होतो तो बहुधा इथेच. आपण नावावर जातो, नाहीतर राहण्याच्या जागेवर. पाण्यात राहतो म्हणजे मासा, उडतो म्हणजे पक्षी, सरपटतो म्हणजे साप. पुस्तकातले दहा संघ, म्हणजे प्राण्यांचे मोठे गट, घोकण्याआधी ही सवय मोडायला हवी. प्राण्याचं नाव बाजूला ठेवा, पत्ताही बाजूला ठेवा आणि त्याच्या शरीराला प्रश्न विचारा. पुढच्या पायऱ्या त्यासाठीच आहेत. सोबत एक वही घ्या आणि एकच नियम पाळा: नाव सगळ्यात शेवटी लिहायचं.

पहिली पायरी: हा प्राणी आहे, हे कशावरून?

चार गोष्टी तपासायच्या. शरीर अनेक पेशींचं आहे का? पेशींना भित्तिका नाही ना? अन्न स्वतः तयार न करता दुसऱ्या सजीवांकडून घेतो का, आणि बहुधा ते शरीराच्या आत घेऊन पचवतो का? आणि आयुष्यात निदान एकदा तरी स्वतःहून हलतो का?

या चाळणीत काही ओळखीची मंडळी गळतात. पावसाळ्यात उगवणारी अळंबी स्वतःचं अन्न बनवत नाही, पण तिच्या पेशींना कायटिनची भित्तिका असते आणि ती अन्न बाहेरच पचवून शोषून घेते. म्हणून ती प्राणी नाही आणि वनस्पतीही नाही, ती कवक. अमीबा हलतो, खातो, पण एकपेशीय आहे. तुमच्या आईवडिलांच्या पुस्तकात 'आदिजीव' हा प्राण्यांचा पहिला संघ होता. जीवशास्त्रज्ञ व्हिटेकर यांनी १९६९ मध्ये सजीवांच्या पाच सृष्टी मांडल्या, त्यानंतर अमीबा-पॅरामेशियम प्राण्यांतून बाहेर पडले. घरात यावरून वाद झाला तर दोन्ही बाजू आपापल्या पुस्तकाप्रमाणे बरोबर आहेत, हे लक्षात असू द्या.

उलट स्पंज खडकाला चिकटून बसलेला, ना तोंड ना डोळे. तरी तो प्राणी. त्याची अळी पाण्यात पोहते, मग जागा धरते आणि कायमची स्थिरावते. हालचालीची अट 'आयुष्यात निदान एकदा' अशी घातली आहे ती यासाठी.

दुसरी पायरी: उतरंड समजून घ्या, आणि एक शब्द जपून वापरा

सृष्टी, संघ, वर्ग, गण, कुल, प्रजाती, जाती. वरून खाली येताना गट लहान होत जातो आणि आतल्या प्राण्यांमधलं साम्य वाढत जातं. शेकरूचं उदाहरण घेऊ. सृष्टी प्राणी, संघ समपृष्ठरज्जू (कणेवाले सगळे यातच), वर्ग सस्तन, गण कृंतक म्हणजे कुरतडणारे, कुल खारींचं, प्रजाती रतुफा आणि जाती रतुफा इंडिका. आता त्याच्या शेजारी हरियाल ठेवा. दोघं संघापर्यंत हातात हात घालून येतात आणि वर्गाशी वेगळे होतात. फुलपाखरू तर संघालाच वाट बदलतं. दोन प्राणी नक्की कुठल्या पायरीवर वेगळे झाले हे शोधण्याचा हा खेळ रोज एकदा खेळा. सात शब्द वेगळे पाठ करावे लागणार नाहीत.

जपायचा शब्द म्हणजे 'प्रजाती'. शालेय पुस्तकांत प्रजाती ही जातीच्या वरची पायरी आहे. वर्तमानपत्रांत मात्र 'पक्ष्याची नवी प्रजाती सापडली' असं छापतात तेव्हा त्यांना जाती म्हणायचं असतं. मराठीत वाचताना हा फरक मनात ठेवला नाही तर पुढे सगळं एक पायरी घसरतं.

दोन शब्दांच्या शास्त्रीय नावांची पद्धत प्राण्यांसाठी रुळली ती स्वीडनचे निसर्गशास्त्रज्ञ लिनीअस यांच्या १७५८ च्या ग्रंथावृत्तीपासून. त्याच ग्रंथाच्या १७३५ च्या पहिल्या आवृत्तीत देवमासा माशांमध्ये होता. १७५८ मध्ये त्यांनीच तो उचलून सस्तन प्राण्यांत ठेवला. तुमच्या वहीत खाडाखोड होऊ लागली तर हे आठवा.

तिसरी पायरी: मासळी बाजारात एक फेरी

प्राणिशास्त्राची याहून चांगली प्रयोगशाळा मला माहीत नाही. शाकाहारी असाल तरी एकदा नाकाला रुमाल लावून जाऊन या. तिथे सगळ्याला 'मासळी' म्हणतात. बांगडा मासळी, कोळंबी मासळी, तिसऱ्या (शिंपले) मासळी, माकूळही (स्क्विड) मासळी. प्रत्यक्षात एकाच पाटीवर तीन वेगवेगळे संघ मांडलेले असतात.

बांगड्यापासून सुरू करा. मावशी ताजेपणा दाखवायला गालाचं झाकण उचलून आतले लाल कल्ले दाखवते, ते झाकण नीट पाहून घ्या. आता मुशीकडे, म्हणजे छोट्या शार्ककडे वळा. तिला तसं झाकण नाही, मानेवर नुसत्या उघड्या फटी आहेत. अंगावर शेपटीकडून डोक्याकडे बोट फिरवलं तर खरखरीत लागतं. कापताना काट्याऐवजी मऊ कूर्चा निघते. दोघांनाही कणा आहे, म्हणून संघ एकच, समपृष्ठरज्जू. पण एक अस्थिमत्स्य, दुसरी कास्थिमत्स्य.

कोळंबी सोला. कवच कड्याकड्यांनी निघतं, पाय सांध्यांत वाकतात. बाहेर कवच, आत हाड नाही, पायांना सांधे: हा संधिपाद. पाठीतून काढून टाकतो तो काळा दोरा म्हणजे कोळंबीचं आतडं. पुष्कळांना ती नस वाटते. तिची चेतारज्जू, म्हणजे मज्जातंतूंचा मुख्य दोर, पोटाच्या बाजूने जाते, आणि बांगड्याची पाठीच्या कण्यातून. ही एक गोष्ट स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलीत की पृष्ठवंशीय आणि अपृष्ठवंशीय यांतला फरक कायमचा डोक्यात बसतो. चिंबोरी, म्हणजे खेकडा, उलटी करा. पोटाखाली दुमडलेली पट्टी रुंद असेल तर मादी, अरुंद आणि निमुळती असेल तर नर. नांग्या धरून पायांच्या पाच जोड्या मोजा. कोळंबीच्याही चालण्याच्या पायांच्या पाचच जोड्या आहेत, ते जवळचे नातेवाईक आहेत म्हणून.

आता माकूळ. नवख्यांना हमखास चकवणारं हे ध्यान. पोहतं, मोठे डोळे आहेत, म्हणून मासा वाटतं. पण साफ करताना त्याच्या आतून प्लास्टिकसारखी पारदर्शक, पिसाच्या आकाराची पट्टी निघते. पूर्वजांच्या अंगावर जो शिंपला होता, त्याचा हा आत उरलेला अवशेष. त्याच्याच चुलत घराण्यातल्या कटलफिशच्या आतलं पांढरं, हलकं 'हाड' म्हणजे आयुर्वेदिक दुकानात मिळणारं समुद्रफेन. मऊ शरीर, खंड नाहीत, कवच बाहेर किंवा आत लपलेलं: मृदुकाय संघ. म्हणजे माकूळ बांगड्याच्या शेजारी पोहत असलं तरी नातं त्याचं तिसऱ्यांशी, कालवांशी आणि तुमच्या परसातल्या गोगलगायीशी आहे. त्याला तीन हृदयं असतात आणि रक्तात तांबं असल्यामुळे ते निळसर दिसतं, हे मुलांना जरूर सांगा. त्यानंतर माकूळ कुठल्या संघातलं हे त्यांना विचारावं लागत नाही.

चौथी पायरी: प्रश्न क्रमाने विचारा

बाजारात तीनच संघ भेटले. प्राण्यांचे एकूण संघ तीसहून अधिक आहेत, शाळेत त्यातले दहा शिकवतात. सुरुवातीला तेवढे पुरतात. अनोळखी प्राणी समोर आला की पुढचे प्रश्न याच क्रमाने विचारा, मधला गाळू नका.

*शरीराची मांडणी कशी आहे?* मनातल्या मनात सुरी चालवा. कुठूनही कापलं तरी सारखे दोन भाग पडत नाहीत, तो असममित, बहुतेक स्पंज असे. मध्यातून कुठल्याही दिशेने कापा, सारखेच दोन भाग पडतात, तो अरीय सममित, जसा जेलीफिश. आणि डावा-उजवा अशा एकाच रेषेने सारखे भाग पडतात, तो द्विपार्श्व सममित: झुरळ, बेडूक, आपण.

*अन्न जायची आणि मळ यायची वाट एकच की वेगळी?* जेलीफिश, समुद्रफूल, प्रवाळ यांना एकच दार असतं. शिवाय दंशपेशी असतात. चपट्या कृमींनाही दुसरं दार नाही, पट्टकृमीला तर पचनसंस्थाच नाही. आतड्यात राहून पचलेलं अन्न तो अंगानेच शोषतो. गोल कृमींपासून पुढे बहुतेकांना तोंड आणि गुदद्वार दोन्ही.

*आत पोकळी आहे का?* विद्यार्थी अडतात ते इथे. देहगुहा म्हणजे पोट रिकामं असणं नव्हे. बांगड्याचं पोट चिरल्यावर आतडी ज्या जागेत असतात ती जागा, आणि तिला आतून चिकटलेलं पातळ अस्तर, हे दोन्ही मिळून खरी देहगुहा. चपट्या कृमीत अशी जागाच नाही, सगळं भरीव. गोल कृमीत जागा आहे पण अस्तर पूर्ण नाही, म्हणून तिला फसवी देहगुहा म्हणतात. पोटातले जंत, हत्तीरोगाची कृमी आणि डाळिंबाच्या मुळांवर गाठी आणणारी सूत्रकृमी ही सगळी या गोल कृमींच्या संघातली. शेतकऱ्याच्या घरातल्या मुलाला हा संघ मुळाची गाठ दाखवून शिकवावा, चित्र काढून नव्हे.

*शरीर खंडांचं आहे का, आणि पाय आहेत का?* खंड आहेत पण पाय नाहीत: वलयी. गांडूळ, आणि सह्याद्रीत पावसाळ्यात मोज्यात शिरणारी जळू. खंड आहेत आणि सांध्यांचे पाय आहेत: संधिपाद. हा एकच संघ इतका अफाट आहे की आजवर नोंदलेल्या प्राण्यांच्या जातींपैकी निम्म्याहून कितीतरी जास्त, दहा लाखांच्या वर, याच्यातच मोडतात. म्हणून इथे पुढचा प्रश्न लगेच विचारा: पायांच्या जोड्या किती? तीन असतील तर कीटक, चार असतील तर कोळी-विंचवाचा वर्ग. घोणीला, म्हणजे गोमेला, प्रत्येक खंडावर एक जोडी असते. स्पर्श होताच वेटोळं करणाऱ्या पैशाला, ज्याला काही भागांत वाणी म्हणतात, बहुतेक खंडांवर दोन दोन. दोघांनाही लोक 'शंभर पायांचा किडा' म्हणतात. पण गोम चावते आणि पैसा चावत नाही, त्यामुळे हा फरक कळलेला बरा.

*कणा आहे का?* याचं उत्तर सहाव्या पायरीवर.

पाचवी पायरी: ओहोटीला खडकाळ किनारा

बाजारात मेलेले प्राणी दिसतात, किनाऱ्यावर जिवंत. कोकणात ओहोटीची वेळ काढायचा जुना हिशोब असा: तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ साधारण मिळते. द्वितीयेला दीड, तृतीयेला सव्वादोन. ओहोटी त्याच्या सुमारे सहा तास आधी. म्हणजे अमावास्या-पौर्णिमेनंतरच्या द्वितीया-तृतीयेला सकाळी साडेसात-आठला पाणी खूप आत गेलेलं असतं, आणि कोवळं ऊन असतं. अष्टमीच्या आसपास भांगाचं पाणी फारसं मागे हटत नाही, तेव्हा जाऊन उपयोग नाही. पावसाळा सोडून जा, पायात घट्ट बूट घाला, समुद्राकडे पाठ करून बसू नका.

पाण्याच्या डबक्याजवळ दहा मिनिटं न बोलता बसा. सरकणारा शंख दिसेल. शंख पाहून वहीत 'मृदुकाय' लिहू नका. थांबा. आतून पाय बाहेर आले आणि त्यांना सांधे दिसले तर घर मृदुकायाचं आणि भाडेकरू संधिपाद, म्हणजे शंखातला खेकडा. खडकावर चिकटलेले पांढरे, टोकदार, ज्वालामुखीसारखे कवचाचे ठिपके दिसतील. ती बार्नॅकल. शंख-शिंपल्यांसारखं कवच पाहून तज्ज्ञही त्यांना पिढ्यान्‌पिढ्या मृदुकाय समजत होते. १८३० मध्ये जे. व्ही. थॉम्पसन यांनी त्यांच्या अळ्यांचं वर्णन छापलं. त्या कोळंबी-खेकड्यांच्या अळ्यांसारख्या होत्या. पाण्याखालचं बार्नॅकल निरखलंत तर कवचातून पिसासारखे सांध्यांचे पाय बाहेर येऊन अन्न ओढताना दिसतात. चार्ल्स डार्विन यांनी १८४६ ते १८५४ अशी आठ वर्षं या एकाच गटावर घालवली. एका ठिपक्यासाठी दहा मिनिटं थांबायला मग जड वाटत नाही.

दगडाखाली तारामासा किंवा त्याचा सडपातळ हातांचा नातेवाईक सापडला तर पहिला प्रश्न आठवा. पाच हात, म्हणजे अरीय सममिती. मग तो जेलीफिशचा भाऊ का? नाही. त्याची अळी द्विपार्श्व सममित असते, वाढताना ती पंचअरीय होते. खालच्या बाजूला शेकडो नलिकापाद, म्हणजे नळीसारखे इवले पाय, असतात, आत कॅल्शियमचं कवच. कंटकचर्मी संघ. या संघातला एकही प्राणी गोड्या पाण्यात राहत नाही.

हात कुठे लावायचा नाही, हेही शिकण्याचाच भाग आहे. वाळूवर आलेली जेलीफिश मेलेली दिसली तरी तिच्या दंशपेशी काम करतात. शंकूच्या आकाराचा जिवंत शंख उचलू नका, त्यातल्या काही जाती विषारी डंख मारतात. उलटा केलेला दगड होता तसा ठेवा, नाहीतर खालचं सगळं उन्हात मरेल. प्रवाळ आणि समुद्री काकडी वन्यजीव संरक्षण कायद्याखाली संरक्षित आहेत, त्यामुळे 'नमुना' म्हणून काहीही घरी आणू नका. फोटो पुरतो.

सहावी पायरी: कण्याचे प्राणी, आणि फसवी नावं

समपृष्ठरज्जू प्राण्यांमध्ये आयुष्याच्या कुठल्यातरी टप्प्यावर पाठीतून जाणारा आधाराचा दोर, म्हणजे पृष्ठरज्जू, आणि घशाजवळ कल्लाविदरं, म्हणजे कल्ल्यांच्या फटी, असतात. आपल्यातही गर्भावस्थेत पृष्ठरज्जू असतो. पुढे त्याच्या जागी कणा येतो आणि त्याचा अवशेष मणक्यांमधल्या गाद्यांच्या मऊ गाभ्यात उरतो. अर्धसमपृष्ठरज्जू हा वेगळा संघ आणि पुच्छपृष्ठरज्जू, शीर्षपृष्ठरज्जू हे याच संघातले बिनकण्याचे गट सुरुवातीला नावापुरते माहीत असले तरी चालतात.

कणेवाल्यांमध्ये त्वचेकडे पाहा. खवले आणि कल्ले: मासा. ओली, उघडी त्वचा आणि लहानपणी बहुधा पाण्यात: उभयचर. कोरडी, खवल्यांची त्वचा: सरीसृप. पिसं: पक्षी. केस आणि दूध: सस्तन. जबडा नसलेले चक्रमुखी आपल्याकडे सहसा भेटत नाहीत.

आता ही कसोटी नावांवर लावा. मालवण-दापोलीकडे होडीतून डॉल्फिन दिसला तर शेपटी पाहा, ती आडवी असते आणि वर-खाली हलते. माशाची उभी असते आणि डावी-उजवी हलते. डॉल्फिन श्वास घ्यायला वर येतो, पिल्लाला दूध पाजतो. देवमाशाचंही तसंच. समुद्रघोडा मात्र खरोखर मासा आहे. खवले मांजर मांजर नाही, आणि खवले असूनही सरीसृप नाही. त्याचे खवले आपल्या नखांच्याच पदार्थाचे, पोटावर केस, पिल्लाला दूध. तारामासा, जेलीफिश आणि पुस्तकं खाणारी सिल्व्हरफिश म्हणजे कसर, हे तिघे तीन संघांतले, आणि मासा त्यांतला एकही नाही.

पुस्तकातली ही मांडणी बदलत असते, त्याने बिचकू नका. जनुकांच्या अभ्यासातून १९९७ मध्ये पुढे आलं की कात टाकणारे संधिपाद आणि गोल कृमी एकमेकांचे जवळचे आहेत, दिसायला गांडूळ झुरळाच्या जवळचं वाटलं तरी. मगरीचं नातंही पालीपेक्षा पक्ष्यांशी जवळचं. परीक्षेत पुस्तकाप्रमाणे लिहा, वहीत दोन्ही नोंदवा.

सातवी पायरी: पावसाळ्यातली परीक्षा

जूनमध्ये कोकणात किंवा घाटमाथ्यावर परसातला दगड नाहीतर ओला पालापाचोळा जपून बाजूला करा. एक लांबट, बिनपायांचं, तपकिरी-काळसर काहीतरी वळवळेल. तुम्ही म्हणाल, गांडूळ. इथेच थांबा, नाव शेवटी. अशा तीन शक्यता आहेत.

पहिली: अंग ओलं, कडी स्पष्ट, लांब-आखूड होत पुढे सरकतं, डोळे नाहीत, जबडा नाही. पूर्ण वाढलेल्याच्या पुढच्या भागात गुळगुळीत पट्टा. बोट मागून पुढे फिरवलं तर बारीक राठ केस, म्हणजे दृढरोम, खरखर लागतात. हे खरं गांडूळ, वलयी.

दुसरी: अंग कोरडं आणि तेल लावल्यासारखं चकचकीत, बारीक खवले एकसारखे, डोळ्यांच्या जागी दोन काळे ठिपके, मधूनच इवली जीभ बाहेर. हा वाळा साप. सरीसृप, बिनविषारी. कुंड्यांमधून जगभर पसरला आहे आणि याच्यात नर आढळत नाहीत, माद्यांना नराविनाच पिल्लं होतात.

तिसरी खरी फसवी. अंग ओलं, वर गांडुळासारखी कडी, पण हा प्राणी लांब-आखूड होत नाही, अंग नागमोडी वळवतो. डोकं नीट पाहा: तोंडाला जबडा आहे, नाकपुडी आणि डोळ्याच्या दरम्यान बारीकशी संवेदक स्पर्शिका. ती कडी म्हणजे वलयी प्राण्याचे खंड नव्हेत, त्वचेच्या घड्या आहेत, आणि आत पूर्ण कणा आहे. हे देवगांडूळ, बेडकाच्या वर्गातलं, उभयचर. सह्याद्रीत याच्या काही जाती अगदी थोड्या ठिकाणांहूनच माहीत आहेत. आंबोलीतून तर २००३ मध्ये एका नव्या जातीचं वर्णन प्रसिद्ध झालं.

देवगांडूळ दिसलं तर हातात घेऊ नका, त्याची त्वचा नाजूक असते. फोटो काढा. तारीख, गाव, माती किती ओली होती हे लिहा, दगड परत ठेवा. जमलं तर थोडा वेळ थांबा. ते खातं काय हे दिसलं तर वहीत तेही नोंदवायचं: बऱ्याचदा ते गांडूळच असतं.